राखीची बरणी

२८ जुलै

माझ्या धाकट्या भावाला, अंगदला, किडनी द्यायला मी नापास झाले. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि वजनात नापास. संभाजीनगरच्या दवाखान्यातून संध्याकाळी बीडला परत आले, तरी डोकं अजून सुन्न आहे.

मी अंगणवाडीताई. सोळा वर्षं झाली, दर महिन्याला लोकांची पोरं काट्याला टांगते आणि त्यांच्या आयांना दम भरते, वजन वाढलं कावून न्हाई म्हणून. आज डॉक्टरांनी मलाच काट्यावर उभं केलं. शहात्तर. म्हणाले, "विजयमालाबाई, सत्तरच्या आत या. त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. उद्या तुम्हालाच शुगर झाली तर एका किडनीवर काय कराल?" मी म्हणलं, साहेब, मी जाड आहे, माझी किडनी बारीकच असेल की. ते हसलेसुद्धा नाहीत.

मग त्यांनी कुठून कापतात, किती दिवस निजावं लागतं, ते चित्र काढून सांगितलं. मी शेजारी बसलेल्या अंगदचा दंड धरला. बराच वेळ धरला असेल. सोडला तेव्हा माझी नखं त्याच्या कातड्यात उमटलेली. तो नुसता बाही खाली ओढून बसला.

दुसरं कोण देणार? त्याच्या बायकोचा, अंजनाचा, रक्तगट बसत नाही. आमच्या आईला शुगर. मयताच्या किडनीसाठी यादीत नाव आहे, पण ती यादी म्हणजे मारुतीचं शेपूट. राहिले मी. सख्ख्या भावाच्या आणि माझ्या मधे सहा किलो चरबी आडवी पडली आहे.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी रोजचं लिहून ठेवा सांगितलं. म्हणून पतसंस्थेची ही कोरी डायरी काढली.

३० जुलै

व्यायाम कोणता करावा? ज्याला विचारावं तो डॉक्टर. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत, ते म्हणाले, "चाल. गाडी चालती राहिली की गंजत न्हाई." सासूबाई साखराबाई म्हणाल्या, "माळ्यावर जातं हाय, दळण दळ." आमच्या सुपरवायझर म्हणतात सूर्यनमस्कार. मोबाईलवर एक बाई म्हणते पळा, दुसरी म्हणते पळाल तर गुडघे जातील, तिसरी म्हणते नुसता श्वास घ्या. श्वास तर मी जन्मापासून घेतेच आहे.

आज दोरीच्या उड्या मारून पाहिल्या. खालच्या मजल्यावरची पोरगी वर आली आणि विचारते, "काकू, तुमचं कपाट पडलं का?"

एकेक व्यायाम थोडे थोडे दिवस करून बघायचा आणि ज्यानं वजन उतरेल तो धरायचा, असं ठरवलं. आधी चालणं.

९ ऑगस्ट

राखी. अंगद वडवणीहून आठवड्यातून दोनदा एसटीनं बीडला डायलिसिसला येतो आणि जाताना माझ्याकडे टेकतो. आजही आला. चेहरा मातीसारखा झालाय. पाणी घोटघोट मोजून प्यायचं, त्यामुळे ओठाला भेगा.

ओवाळणीत दरवर्षी साडी असते. आज त्यानं पिशवीतून लोणच्याची रिकामी बरणी असते ना, तसली प्लास्टिकची मोठी बरणी काढली. आत तपकिरी भुकटी. म्हणाला, "आक्का, आमच्याकडं भरतीची तयारी करणारी पोरं हीच खात्यात. व्यायाम झाला की दोन मोठे चमचे दुधात टाकायची, वर दोन केळं कुस्करायची. चरबी वितळती."

"डॉक्टरला विचारावं का?" हे म्हणाले.

"दाजी, डॉक्टरला काय कळतंय व्यायामातलं?" अंगद म्हणाला. "अन् दूध आपल्या म्हशीचंच घ्यायचं. मी आणीत जातो. माहेरचं अंगाला लागत न्हाई."

सासूबाई मधेच पुटपुटल्या, "आपली बाई कापायला द्यायची अन् वर पावडर." मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ज्याचा जीव टांगणीला लागलाय तो भाऊ माझ्या व्यायामाची काळजी करतो. डोळे भरून आले. भुकटी चवीला चॉकलेटसारखी आहे, उगाच खोटं कशाला बोलू, फार आवडली.

२५ ऑगस्ट

अंगणवाडीत गरोदर बायांचा काटा आहे त्यावर उभी राहिले. सत्याहत्तर. एक किलो वर.

काटा उलटा करून आपटला, परत ठेवला. परत सत्याहत्तर. रोज पहाटे स्टेडियमला सात-सात फेऱ्या मारते मी. सदऱ्याला घामाचे नकाशे येतात. आणि हे फळ.

अंगदचा फोन आला. दर सोमवारी करतो, वजनाचं विचारायला. मी रडतच सांगितलं. तो म्हणाला, "असूं दे असूं दे. पावडर घेतीस ना पण?" घेते म्हणलं. "मग व्यायाम चुकतोय. चालण्यानं काय व्हतंय? दुसरा धर." त्याचा आवाज कधी नव्हे तो मोकळा वाटला. मला धीर द्यायला करत असणार.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. काट्यावर आकडा वर गेलेला दिसला तेव्हा आधी, अगदी आधी, मला हायसं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी हायसं वाटलं. हे मी ह्यांनासुद्धा सांगणार नाही.

८ सप्टेंबर

आता झुंबा. आमच्या गल्लीच्या तोंडाला अंजू नावाची पोरगी बायकांचा क्लास घेते. गाणं लावून नाचायचं. पहिल्या दिवशी मी डावीकडं गेले आणि सगळ्या उजवीकडं, एका मास्तरीणबाईंना माझा धक्का लागून त्या भिंतीला टेकल्या. पण मजा येते. घरी येऊन ग्लासभर दूध, केळं, पावडर. पोट कसं गच्च भरतं. त्यानंतरही भूक लागते म्हणा, पण व्यायामानं भूक लागणारच.

११ सप्टेंबर

सुट्टी होती. ह्यांच्याबरोबर कपिलधारला गेले, चढउतार होईल म्हणून. डोंगराला वळसा घालताना कुणाच्या तरी शेळ्या खाली उतरत होत्या आणि मला एकदम आमचा माळ आठवला. मी बारा वर्षांची, अंगद दोनचा. आई रानात, बाप मेंढरं घेऊन बाहेर. मी सातवीतून शाळा सोडली (दहावी पुढं लग्नानंतर बाहेरून दिली) आणि अंगदला कडेवर मारून शेळ्यांमागं. दिवसभर. तेव्हा माझ्या अंगावर चिमटीत धरायला मांस नव्हतं.

ह्यांना म्हणलं, सगळ्यात चांगला व्यायाम तोच होता. हे म्हणाले, "आता अंगदला कडेवर घेतीस का?" दोघंही हसलो. तो आता सुकत चाललाय. आता घेताही येईल.

२० सप्टेंबर

अठ्ठ्याहत्तर.

हे व्यायामाचं काम नाही, घरात कुणीतरी काहीतरी करतंय. आणि किडनी देऊ नको असं उघड म्हणणारं या घरात एकच माणूस आहे.

भाजीच्या पातेल्यावरून सासूबाईंना सरळ विचारलं, "आत्याबाई, माझ्या भाजीत तूप घालता का?" त्या शेगडीपुढून हलल्याच नाहीत. मी जास्तच बोलले. भाऊ मेला तर तुमच्या डोक्यावर पाप, इथपर्यंत बोलले. त्या फक्त म्हणाल्या, "बोल माय. तोंड हाय तर बोल." आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या. हे जेवले नाहीत.

उद्यापासून माझं मी शिजवणार.

२८ सप्टेंबर

अंगदला दम लागला म्हणून फोन आला, तशीच वडवणीला गेले. छातीत पाणी झालं होतं, दोन दिवस लागोपाठ डायलिसिस करून उतरवलं आणि घरी आणल्यावर मला कळवलं. मला बघून म्हणाला, "कावून आलीस? व्यायाम बुडाला असंल."

आई त्याच्या उशाशी बसलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "विजे, लवकर बारीक हो माय." चव्वेचाळीस वर्षं जेव जेव म्हणणारी आई आज बारीक हो म्हणते. डोकं ठिकाणावर नाही.

गोठ्यात अंजना म्हशींना सरकी घालत होती. सरकी ठेवायला तिला नवा काळा डबा मिळालाय, घागरीएवढा, झाकणाचा. त्यावर बैलासारख्या दंडाचा एक उघडा माणूस छापलेला. मी म्हणलं, झकास डबा आहे, कुठून आणलास? ती म्हणाली, "ह्यांनी आणला. म्हशीला ताकदीची पावडर हाय म्हणले. पर मला काय म्हशीला घालू देत न्हाईत, पावडर पिशवीत काढून घेतली अन् स्वतःच कुठं घेऊन जात्यात." अंगद खाटेवरून ओरडला, "अंजना, आक्काला चहा दे आधी." लोकं म्हशींना काय काय घालायला लागलेत. निघताना त्यानं बरणी परत भरून दिली. एवढ्या आजारात त्याच्या ध्यानात राहतं.

५ ऑक्टोबर

स्वतःच्या हातानं, बिनतेलाचं शिजवून पंधरा दिवस खाल्लं. साडेअठ्ठ्याहत्तर.

झुंब्यानंतर अंजूपुढं बसून रडले. ती म्हणाली, "ताई, दिवसभरात काय काय तोंडात जातं ते सांगा बरं." मी सगळं सांगितलं. भाकरी, भाजी, वरण. ती म्हणाली, आणखी. मी म्हणलं, आणखी काही नाही, व्यायामानंतरची पावडर तेवढी. पिशवीतच होती, झुंब्याच्या आधी घेऊन बघावी म्हणून आणलेली.

तिनं झाकण काढून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. म्हणाली, "ही कुणी दिली?"

"भावानं."

"ताई, माझा धाकटा भाऊ काडीपैलवान आहे. तो हीच खातो. वजन वाढवायला. दूध-केळ्यातून, तुम्ही सांगितलं तसंच. महिन्याला दोन किलो कुठं जात नाहीत." मग म्हणाली, "हे पीत असाल तर झुंबा करा, पळा, डोंगर चढा, सगळं पाण्यात."

मी म्हणलं, माझ्या भावाला वाचता येतं. त्याची चूक झाली नसणार, दुकानदारानं फसवलं असणार. बोलता बोलता मला तो काळा डबा दिसला. बैलाच्या दंडाचा माणूस. "आक्काला चहा दे आधी."

रिक्षा करून घरी आले. चपला घालूनच आत बसले.

६ ऑक्टोबर

काही लिहवत नाही.

७ ऑक्टोबर

कावून केलं त्यानं? जीव त्याचा जातोय. मी त्याला वाचवायला उड्या मारते आणि हा मला खाटकाच्या बकऱ्यासारखं खाऊ घालतो. नाही, उलटंच. बकऱ्याला कापण्यासाठी खाऊ घालतात. मला कापू नये म्हणून खाऊ घातलं. हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले, आणि मी बाकीच्या आयांना अक्कल शिकवते.

राग आलाय. फोन उचलला, ठेवला. विचारलं तर तो डायलिसिससुद्धा सोडून देईल, इतका हट्टी आहे. लहानपणी ढेकूळ खायचा, हिसकावलं तर दुसरं उचलायचा.

आधी सासूबाईंपुढं जाऊन बसले. पाय धरले. त्या म्हणाल्या, "ऊठ. तुझी भाजी मी पहिल्या दिवसापासून येगळ्या पातेल्यात, तेलाचा थेंब न घालता करीत व्हते. मला तू कापायला नकोस, खरं हाय. पर तू ठरीवलंस तर मी आडवं कशाला येऊ?" मी त्या बाईला काय काय बोलले होते. कान धरून जमिनीत जावं असं वाटलं. त्यांनी भाकरी वाढली आणि विषय बंद केला.

मग ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ पाना पुसत बसले आणि म्हणाले, "त्यानं गुपचूप केलं, तू बी गुपचूप कर."

१३ ऑक्टोबर

सोमवार. अंगदचा फोन. "किती?"

"एकोणऐंशी," मी म्हणलं. आयुष्यात त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.

"असूं दे आक्का. तुझ्या नशिबातच न्हाई ते. पावडर हाय का?"

"हाय की. सकाळी घेतली."

बरणी अंजूच्या भावाला देऊन टाकली. पोरगं हरखलं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. अंगद आला. जाड ब्लाउज, वर हिवाळ्याचं स्वेटर, असा अवतार करून ओवाळलं. तो म्हणाला, एवढं काय थंडी वाजती? मी म्हणलं, चरबी वाढली की थंडी वाजते म्हणतात. त्यानं ते खरं धरलं.

त्यानं नवी भरलेली बरणी ताटात ठेवली. मी डोळ्याला डोळा न देता उचलली. त्याच्यासमोर दुधात कालवून तोंडाला लावली आणि आत जाऊन मोरीत ओतली. सासूबाई बघत होत्या, त्यांनी वरून तांब्याभर पाणी टाकलं.

तो गेल्यावर रडले. कशावर रडले ते नीट सांगता येणार नाही.

१७ नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर. फोनवर ऐंशी सांगितलं. अंगद डायलिसिसवरून टेकतो तेव्हा मी स्वेटरवर शाल पांघरूनच बसते.

व्यायाम कोणता, हा प्रश्न मिटला. अंजू म्हणाली, जो रोज होईल तो. सकाळी चालते, संध्याकाळी तिच्याकडं नाचते, सुट्टीला जातं ओढते. मोबाईलवरच्या बायका बंद केल्या. उतरतंय ते मुख्यतः ग्लास रिकामा झाल्यामुळं, हे मला कळतं. पण नाचल्यावर भीती कमी होते, त्यासाठी नाचते.

भीती गेलेली नाही. वजन उतरेल तशी वाढते. चौऱ्याहत्तर दिसलं तसा हात आपोआप बरगडीखाली गेला, कापतात तिथं. सत्तरला काय होईल कुणास ठाऊक.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. शेजारणींनी तीळगूळ दिला तो पदराला बांधून आणला, एक तेवढा जिभेवर ठेवला. सासूबाईंनी मला नव्या बांगड्या भरल्या, जुन्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

एकोणसत्तर. काट्याला नमस्कार केला आणि मग बाकावर बसून राहिले.

डॉक्टरांची तारीख १९ ची. अंगदला सांगितलं, माझं वजन काही उतरत नाही, शेवटचं नाही म्हणून त्यांच्या तोंडून ऐकू आणि हा विषय संपवू. तो लगेच हो म्हणाला. म्हणाला, "हां, एकदा संपव आक्का. तुझ्या जिवाला घोर नको."

१९ जानेवारी

आज घडलेलं तसंच्या तसं लिहिते.

अंगद, अंजना, हे आणि मी. दवाखान्यात शिरेपर्यंत मी स्वेटर आणि वर शाल काढली नव्हती. नर्सनं नाव पुकारलं. मी शाल ह्यांच्याकडं दिली, स्वेटर अंजनाकडं दिलं आणि काट्यावर उभी राहिले.

"अडुसष्ट पॉइंट सहा," नर्स म्हणाली.

अंगद दारात उभा होता. त्यानं आधी काट्याकडं पाहिलं, मग माझ्या गळ्याच्या हाडांकडं. तोंड उघडं राहिलं. भिंतीला धरत धरत बाहेर गेला. अंजनाला काही कळेना, ती मला विचारते, वन्सं, ह्यांना आनंदानं चक्कर आली का?

तो बाहेर कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसला होता. मी शेजारी बसले.

"पावडर कुठं गेली?" तो म्हणाला.

"मोरीत."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"म्हंजे तू मला फसीवलंस."

"आणि तू मला काय केलंस रे अंगद? ओवाळणीच्या ताटात ठेवून?"

तो रडायला लागला. रडताना डाव्या हाताची डायलिसिसची शीर फुरफुरत होती. म्हणाला, "त्या दिशी डॉक्टर सांगत व्हते तवा तू माझा दंड धरला व्हतास. नखं रुतली. मला कळलं तुला किती भ्या वाटतंय. तू न्हाई म्हणणार न्हाईस, मला म्हाईत हाय. माझ्यापायी शाळा सोडलीस. मला घेऊन उन्हातान्हात फिरलीस. आता पोट फाडून घेऊ का तुझं, भ्या वाटत असताना? मी घेत न्हाई आक्का. मी मेलो तरी घेत न्हाई."

म्हणजे हे होतं. मी सहा महिने व्यायाम शोधत होते आणि हा माझी नखं धरून बसला होता.

मी म्हणलं, "भ्या वाटतंय. आजपण वाटतंय. हात बघ माझा." त्याच्या हातात दिला, बर्फ झाला होता.

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. आईला, ह्यांनाही कधी सांगितली नव्हती. म्हणलं, माळावर एकदा लांडगा आला होता. शेळ्या उधळल्या. मी बारा वर्षांची, तू कडेवर. लांडगा त्या खडकापाशी, आपण इथं. माझ्या परकरातून पाणी गेलं, इतकी भ्याले मी. पळताना तू जड होत होतास.

"मग?" तो लहान पोरासारखा म्हणाला.

"मग काय? भ्याले म्हणून तुला खाली ठिवलं का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. आतून नर्सनं त्याचं नाव पुकारलं, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीचं रक्त घ्यायचं होतं. दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा तो उठला, उजव्या हाताची बाही वर केली आणि आत गेला.